काकांनी घासलेले पीस

आमच्या क्षेत्रात तरुणांच्या कामाची दखल घेणारा एक पुरस्कार आहे, आणि त्याचा एक नियम मला पहिल्यापासून खटकत असे. त्यासाठी स्वतःचा अर्ज स्वतः करता येत नाही. ज्याने तुमचे काम जवळून पाहिले आहे अशा वरिष्ठाने तुमचे नाव सुचवायचे, एका पानात काम सांगायचे आणि खाली सही करायची. धातू आणि इतर पदार्थांच्या अभियांत्रिकीत काम करणाऱ्यांच्या एका मंडळाचा हा पुरस्कार. त्यात रक्कम नसते. एक पदक, एक मानपत्र, आणि मंडळाच्या वार्षिक सभेत वीस मिनिटे बोलण्याची संधी, एवढेच. मला ती वीस मिनिटे हवी होती. त्या सभागृहात मोठ्या संशोधन संस्थांतली माणसे बसतात आणि त्यांच्यापुढे बहुतेक वेळा त्यांचेच विद्यार्थी बोलतात. अंबरनाथच्या एखाद्या भट्टीच्या कारखान्यातून तिथे कोणी उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

वयाची अटही होती. त्या वर्षी मी तिच्या आत होते आणि पुढच्या वर्षी नसणार होते. माझे नाव सुचवू शकतील असे एकच वरिष्ठ होते, आमचे सर. तेही त्याच वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. म्हणजे संधी एकच होती. असे हिशेब मी फार लवकर करते, आणि बहुधा ते बरोबर असतात.

आमचा कारखाना औद्योगिक वसाहतीत, मोरिवली गावाला अगदी लागून आहे. आम्ही काही बनवत नाही. इतरांनी बनवलेले पोलादाचे भाग आमच्याकडे मऊ येतात आणि कठीण होऊन जातात. भट्टीत तापवायचे, तेलात बुडवायचे, पुन्हा बेताने तापवायचे. हे नीट झाले की नाही ते प्रयोगशाळा सांगते. प्रयोगशाळा म्हणजे दोन खिडक्यांची एक खोली, कठीणता मोजायचे यंत्र, एक सूक्ष्मदर्शक, नमुने कापायचे आणि घासायचे टेबल, आणि आम्ही तिघे: सर, काका आणि मी.

सर बदलापूरहून येत. वेळेच्या दहा मिनिटे आधी येत, डबा खिडकीत ठेवत, आणि सर्वांना, अगदी दाराशी बसणाऱ्या शिपायालाही, ‘तुम्ही’ म्हणत. आठ वर्षांत त्यांनी माझे कौतुक केलेले मला आठवत नाही. अहवाल नीट असेल तर सही करत. नसेल तर ज्या ओळीवर शंका आहे तिच्यापुढे पेन्सिलीने एक बारीक टिंब देत आणि कागद परत करत. टिंब का दिले हे आपण शोधायचे. पहिल्या वर्षी मला त्या टिंबांचा राग येई. नंतर कागद टिंबाशिवाय परत आला की दिवसभर हलके वाटू लागले.

काका मोरिवलीचे. वसाहत झाली तेव्हा त्यांच्या घरची जमीन तिच्यात गेली आणि पुढे घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती ह्यांना. आमच्याकडे कोणी नवा माणूस आला की काका त्याला सूक्ष्मदर्शकाकडे बोट करून सांगत, ह्या टेबलाखाली आमचे वाल व्हायचे. हे सांगताना ते खंतावलेले नसत. वाल उत्तम होते एवढेच त्यांना नोंदवायचे असे. नमुने तयार करणे हे त्यांचे काम. कापणे, बॅकेलाइटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, गोल वडीत बसवणे, खरखरीत पॉलिश पेपरवर घासणे, मखमलीवर चमकवणे. वाचनाचा चष्मा त्यांनी कधी लावला नाही. ओरखडा डोळ्यांनी नाही, अंगठ्याने शोधत.

मी रुजू झाले त्या महिन्यात काकांनी मला सूक्ष्मदर्शकासाठी एक नमुना दिला आणि त्यावर ओरखडे होते. मी नवी होते, माझ्याकडे ताजी पदवी होती आणि अधिकार किती ताणायचा याचा अंदाज नव्हता. मी त्यांना खिडकीपाशी नेले, नमुना उजेडात धरला आणि म्हटले, “काका, यात मला माझा चेहरा दिसायला हवा. आरशासारखा.” काकांनी मान डोलावली. त्यानंतर आठ वर्षांत त्यांच्या एकाही नमुन्यावर मला ओरखडा दिसला नाही. हे मी लोकांना अभिमानाने सांगत असे. माझा शब्द कसा पाळला गेला याची ती गोष्ट होती.

आता ज्या कामासाठी नाव सुचवायचे होते ते सांगते. पोलाद भट्टीत तापत असताना हवेशी संबंध आला तर त्याच्या पृष्ठभागातला कार्बन निघून जातो, आणि कार्बन गेला की वरची कातडी मऊ राहते. ते होऊ नये म्हणून भट्टीत संरक्षक वायू सोडतात. तो खूप लागतो. मी दोन वर्षे प्रयोग करून दाखवले होते की वायू किती आणि कोणत्या टप्प्यावर सोडायचा हे बदलले, तर बराच कमी वायू पुरतो आणि पृष्ठभागाला काहीही होत नाही. पुरावा दुहेरी होता. आमच्याकडे पोलादाच्या बोटभर लांब, गोल खिळ्या येतात; रोज सकाळी त्यांतल्या एका खिळीची पृष्ठभागावरची कठीणता मोजलेली, आणि दर महिन्याला त्यांतलीच एक खिळी कापून तिची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली. दोन्ही पुरावे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. आलेख इतका सरळ होता की मी तो माझ्या टेबलासमोर चिकटवला होता.

सरांनी पत्र लिहिले. हाताने, इंग्रजीत, एका पानावर. आधी मला दाखवले, कारण तांत्रिक मजकूर मी तपासावा अशी त्यांची इच्छा होती. मी ते उभ्याउभ्या वाचले. परिश्रमी, होतकरू, सचोटीची, असे शब्द होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’ लिहितात तसे. मधे एक ठाम वाक्य होते: हिच्या नव्या पद्धतीत पृष्ठभागातील कार्बन मुळीच कमी होत नाही. मी टिंब द्यायला पेन्सिल शोधावी असे काहीच त्यात नव्हते, आणि तरी मी थोडी खट्टू झाले. आठ वर्षे ज्यांच्या टिंबांवरून मी शिकले त्यांना माझ्याविषयी एवढेच सांगायचे होते?

अर्जासोबत एक छायाचित्र जोडायचे होते. पत्र शुक्रवारी हाती आले, अर्ज पुढच्या शुक्रवारपर्यंत पोचायचा होता. काकांच्या पुतणीची हळद होती. मोरिवलीत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठे प्रकरण, त्यामुळे काका एकदम सोमवारीच येणार होते. शनिवारी सकाळी मी ठरवले की छायाचित्राचा नमुना आपणच करावा. मला खिळीची कड अगदी स्वच्छ, टोकापर्यंत दिसणारी हवी होती. काकांनी मोजणी करून ठेवलेल्या खिळ्या कुलूपबंद कपाटात होत्या आणि किल्ली हळदीला गेली होती. म्हणून मी भट्टीतून त्याच सकाळी बाहेर आलेल्या टोपलीतली एक खिळी उचलली, कापली, वडीत बसवली, घासली, पातळ आम्लात क्षणभर बुडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

कडेला एक पांढरी रेघ होती.

आत सगळीकडे कठीण पोलादाच्या राखाडी सुया, आणि बाहेरच्या काठाने केसाच्या जाडीएवढी पांढरी, गुळगुळीत किनार. आमच्या धंद्यातल्या कोणालाही ती ओळखायला पाठ्यपुस्तक लागत नाही. कार्बन गेला होता.

माझा पहिला संशय भट्टीवर गेला. मी आदल्या दिवशीची एक खिळी आणली, मोजणीला न आलेली. तिलाही किनार. मग आम्ही प्रत्येक खेपेतली एक खिळी तशीच तेलाच्या डब्यात जपून ठेवतो, त्यांतली सहा महिन्यांपूर्वीची काढली. किनार. एक वर्षापूर्वीची. किनार. दुपारपर्यंत मी सात खिळ्या कापल्या होत्या. माझ्या फायलीतल्या एकाही छायाचित्रात ती किनार नव्हती, आणि टेबलावरच्या सातही नमुन्यांत होती.

अशा वेळी मी घाबरण्याआधी तर्क करते. दोन गटांत फरक कोणता? फायलीतल्या खिळ्या काकांच्या हातून गेल्या होत्या. टेबलावरच्या गेल्या नव्हत्या. आणि मासिक तपासणीसाठी पोलाद वाया जाऊ नये म्हणून सकाळी कठीणता मोजलेली खिळीच पुढे कापायची, ही काटकसर माझीच होती. म्हणजे माझे दोन पुरावे जुळत होते कारण दोन्ही एकाच खिळीचे होते. मी एकाच साक्षीदाराला दोनदा विचारले होते आणि उत्तरे सारखी येतात याचे मला कौतुक वाटले होते.

त्यानंतर मी जे गणित केले ते लिहिताना मला संकोच वाटतो, पण ते केले. हे कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता किती? आमच्याकडून गेल्यावर ग्राहक त्या खिळ्या घासून अचूक मापात आणतो, आणि त्यात या किनारीच्या दुप्पट जाडी उडून जाते. एकही खिळी परत आली नव्हती. येणारही नव्हती. निवड समिती आलेख पाहणार होती, टोपली नाही. शक्यता शून्य होती.

रविवारी आईने मला कॅम्प चारच्या बाजारात नेले. आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. तिथून तिच्या शिंप्याचे दुकान जवळ. पदक घेताना मी तिची मोरपंखी साडी नेसायची हे तिने परस्पर ठरवले होते आणि तिच्यावरचा ब्लाउज शिवायला टाकायचा होता. अजून नाव पाठवलेलेही नाही, असे मी तिला दोनदा सांगितले होते. तिचे म्हणणे, शिंपी तीन आठवडे लावतो, त्याला तुमच्या समितीशी काय देणेघेणे. शिंपी सिंधी, वयस्कर, आईचा वीस वर्षांपासूनचा. माप घेताना त्याने विचारले, शादी? आईने त्याला हिंदीत सांगितले की मुलीला मोठे पदक मिळते आहे.

“डॉक्टर है बेटी?”

“लोहे की डॉक्टर है,” आई म्हणाली. “मशीन में देखके बताती है, अंदर क्या खराबी है.”

शिंप्याने टेप गळ्यात टाकून माझ्याकडे आदराने पाहिले. मी आरशात पाहिले. परतताना आईने विचारले, तोंड का पाडले आहेस. मी म्हटले, बाह्या घट्ट होतील असे वाटते. ती म्हणाली, “आठ वर्षं भिंगातून बघून बघून तुला साध्या डोळ्यांनी काही बरं दिसतच नाही.”

सोमवारी काका आले, हात हळदीने पिवळे आणि आवाज बसलेला. मी त्यांना थोडे स्थिर होऊ दिले. मग म्हटले, सकाळचा पीस कठीणतेच्या मशीनवर लावण्याआधी काय काय करता ते मला एकदा सुरुवातीपासून दाखवा. खिळीला ते पीस म्हणत. सगळ्याच नमुन्यांना म्हणत. आठ वर्षांत मी हे कधी मागितले नव्हते. माझे टेबल त्यांच्या टेबलापासून चार पावलांवर आहे.

काकांनी टोपलीतली खिळी घेतली. तापवलेल्या पोलादावर काळी खपली असते. ती तेवढी काढायची, मग मोजायचे, अशी पद्धत. पहिल्या पेपरवर ती गेली. काका थांबले नाहीत. दुसरा पेपर घेतला, तिसरा घेतला, मधे खिळी धुतली, अंगठा फिरवला, चौथा घेतला. घासताना त्यांचे ओठ हलत होते. बहुधा हळदीचे गाणे अजून डोक्यात होते. शेवटी त्यांनी खिळी बाहीला पुसली आणि माझ्यापुढे धरली. तीत खिडकी दिसत होती.

“एवढी का घासता, काका? खपली तर पहिल्याच पेपरला गेली.”

“तुमीच बोल्लेल्या ना, मॅडम. आरशासारका पायजे.”

“ते सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्यांचं होतं.”

काकांनी जरा विचार केला. “मना वाटला, एकाला आरसा न् दुसऱ्याला नाय, असा कसा? पीस तर तुमचेच.”

मी विचारले, हे कधीपासून. ते म्हणाले, तुम्ही आलात तेव्हापासून. तुमच्या आधीचे साहेब होते तेव्हा खपली काढून नुसता पुसायचो. मग माझा चेहरा पाहून, मला बरे वाटावे म्हणून, त्यांनी जोडले की असा घासला की आकडाही चांगला येतो.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले. एवढी वर्षे ते त्याच्यासाठी नमुने करत होते आणि आत कधी पाहिले नव्हते. कोणी पाहा म्हटले नव्हते. एक डोळा मिटायचा नाही हे समजावायला वेळ गेला. मग त्यांना दिसले. ही कडेची पांढरी किनार मला शोधायची असते, मी सांगितले, आणि ती रोज मशीनवर जाण्याआधीच निघून जात होती. काका बराच वेळ पाहत राहिले.

“एवरीशी?”

“एवढीशीच.”

त्यांनी डोके वर काढले आणि विचारले की सरांना आपण सांगू का, की माझ्याकडून झाले. मी नको म्हटले. सांगितले मी होते आणि पाहिलेही मी नव्हते. काकांना हे पटले नाही असे दिसले, आणि मी सरांच्या टेबलाकडे निघाले तेव्हा ते न बोलावता माझ्या मागून येऊन दाराशी उभे राहिले.

जेवणाची सुट्टी होती. सरांनी डबा उघडलेला होता. मी दोन छायाचित्रे त्यांच्यापुढे ठेवली, फायलीतले आणि शनिवारचे, आणि सगळे सांगितले. मी भरभर बोलते. त्या दिवशी आणखी भरभर बोलले असेन. सरांनी डब्याचे झाकण लावले, छायाचित्रे उजेडाकडे वळवली.

“गिऱ्हाइकाची काही तक्रार?”

“नाही. ते घासण्यात याच्या दुप्पट काढतात.”

“म्हणजे माल बरोबर आहे.”

“माल बरोबर आहे, सर. पत्रातलं वाक्य चूक आहे.”

“वाक्य माझं आहे,” सर म्हणाले. “सही माझी आहे.”

त्यांनी दोन्ही छायाचित्रे एकावर एक नीट ठेवली. मला वाटले, ते आता नाव मागे घेऊ म्हणतील. मनातून मला तेच हवे होते की काय, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही. मागे घेतले असते तर निदान हरले नसते. पण सरांनी विचारले की गुरुवारपर्यंत डब्यांतल्या किती खिळ्या कापून होतील.

चार दिवस आम्ही तिघांनी दुसरे काही केले नाही. काका कापत आणि वडीत बसवत. घासताना कड जराही गोल होऊ नये म्हणून प्रत्येक खिळीला शेजारी एक जोडीदार तुकडा लावायची युक्ती त्यांनी काढली. वाल सोलताना टरफल दाबून धरतात तसे, असे त्यांचे स्पष्टीकरण. मी किनारीची जाडी मोजत असे आणि सर ती स्वतःच्या हाताने तक्त्यात लिहीत. माझ्या बदलाच्या आधीच्याही खिळ्या आम्ही कापल्या. त्यांनाही किनार होती, पण अधिक पातळ. म्हणजे खरी गोष्ट अशी निघाली: वायू कमी केल्याने पृष्ठभागाला थोडा फटका बसत होता, मात्र तो ग्राहकाच्या घासण्यात पूर्ण निघून जाईल इतकाच. पद्धत टिकत होती. ‘मुळीच नाही’ टिकत नव्हते. सरळ आलेख मी भिंतीवरून काढला. त्याच्या जागी रंगाचा एक स्वच्छ चौकोन राहिला.

गुरुवारी दुपारी सरांनी नवे पत्र माझ्यापुढे ठेवले. परिश्रमी, होतकरू वगैरे काहीही त्यात नव्हते. त्यातला एक भाग मराठीत असा होईल: “हे काम तिने प्रथम मांडले तेव्हा त्यात एक चूक होती. ती आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती, आणि येण्याचे कारणही नव्हते. तिने ती स्वतः शोधली, तिचे मूळ स्वतःच्या सूचनेत आहे हे ओळखले, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मला येऊन सांगितले. मी या कामात आयुष्य घालवले आहे. अशी दुपार मला दुसरी आठवत नाही.” त्याखाली चुकीची पूर्ण हकीकत होती, तक्ता होता, आणि नमुने कोणी केले ते काकांच्या पूर्ण नावासह होते.

मी ते वाचले आणि मला राग आला. हे कबूल केले पाहिजे. मी सरांना म्हटले की हे पाठवले तर मला मिळणार नाही. दुसऱ्या कोणाच्या पत्रात चूक हा शब्दही नसेल.

“शक्य आहे,” सर म्हणाले.

“आणि पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही.”

“ते मला माहीत आहे. मीही नसेन.” त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. “जिथे खोटं वाटतं तिथे टिंब द्या.”

मी पान दोनदा वाचले. पेन्सिल परत दिली. शुक्रवारी सकाळी पत्र गेले.

उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर ब्लाउज शिवून आला होता आणि बाह्या खरोखर घट्ट झाल्या होत्या. उत्तर सभ्य होते. निवड दुसऱ्याची झाली होती, एका संशोधन संस्थेतल्या तरुणाची, आणि सरांना व मला सभेचे निमंत्रण होते. सरांनी ते वाचून माझ्याकडे दिले आणि नेहमीच्या वेळेच्या आधी चहा मागवला. त्यांच्याकडून एवढे म्हणजे पुष्कळ. काकांना मी सांगितले तेव्हा ते पेपर बदलत होते. मोरिवलीत त्यांनी हे पदक मिळाल्यातच जमा केले होते. त्यांच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आगाऊ येऊनही गेली होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“मंग तो पोऱ्या आपले पीस सोता घासतो का?”

मी म्हटले, ते मला ठाऊक नाही.

“इचारून बघा,” काका म्हणाले.

मी सभेला गेले. मोरपंखी साडी नेसून गेले. आईने घडी मोडल्याशिवाय ठेवू दिली नसती. सर शेजारी बसले होते, निवृत्तीला तीन आठवडे उरलेले. तो तरुण उंच, हसरा, आणि विषयाची उत्तम जाण असलेला होता. त्याची वीस मिनिटे त्याने छान वापरली. मनात कडवटपणा असेल तर तो शोधावा म्हणून मी लक्ष देऊन ऐकत होते, आणि थोड्याच वेळात कडवटपणा विसरून कामच ऐकू लागले. त्याचाही विषय पृष्ठभागच होता, पातळ थरांचा. शेवटचा आलेख पडद्यावर आला. तो फार सरळ होता.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. माझा आवाज मला वाटले त्यापेक्षा शांत निघाला. मी विचारले की हे नमुने कोण तयार करते, आणि ते तयार होताना त्याने स्वतः शेवटचे कधी पाहिले होते.

सभागृहात कोणीतरी हसले. हसणाऱ्याला तो प्रश्न गंमत वाटला असावा. तो तरुण मात्र हसला नाही. पडद्याकडे वळून त्याने आपल्या आलेखाकडे पाहिले, मग म्हणाला की त्यांच्याकडे एक अनुभवी तंत्रज्ञ आहेत, आणि आपण ते काम होताना पाहिलेले नाही. परत जाऊन पाहीन, असे त्याने सरळ सांगितले. मला तो आवडला. शेजारी सर खिशात काहीतरी चाचपत होते. त्यांनी पेन्सिल काढली, कार्यक्रमपत्रिकेवर त्या तरुणाच्या भाषणापुढे एक बारीक टिंब दिले, आणि पत्रिका माझ्या बाजूला सरकवली.

चहाच्या वेळी तो मला शोधत आला. मी त्याला कागदी रुमालावर खिळी काढून दाखवली, किनार दाखवली, जोडीदार तुकड्याची काकांची युक्ती दाखवली. त्याने रुमाल घडी करून पाकिटात ठेवला. वालाच्या टरफलाचे उदाहरण त्याला कळले नाही. त्याच्या भागात वाल होत नाहीत. आम्ही तिथे वीस मिनिटांहून बराच अधिक वेळ उभे होतो, हे सरांनी घड्याळ दाखवले तेव्हा लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा काका सकाळची खिळी घेऊन बसले होते. हल्ली रोजच्या तक्त्यात एक नवा रकाना आहे, ‘किती घासला’, आणि तो त्यांच्या अक्षरात भरलेला असतो. त्यांनी खपली काढली, हात आवरता घेतला, आकडा लिहिला, आणि मान वर न करता विचारले, “मंग? घासतो का सोता?”

“नाही, काका.”

“मना वाटलाच,” काका म्हणाले, आणि समाधानाने खिळी मशीनवर लावली.